वजनाची पुडी

पनवेलच्या एसटी स्टँडवर पूर्वी वजनाचं एक मशीन होतं. लाल-पिवळे दिवे फिरायचे, आत काहीतरी घरघरायचं आणि जाड पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य.

भाकरी फुगली नाही तर दोष तव्याचा, पिठाचा की हाताचा, यावर कोन गावच्या बायका अख्खी दुपार भांडू शकत.

विमान उतरायला लागलं की सेक्टरातली कबुतरं एकदम उठतात. विमान गेलं तरी बराच वेळ बसत नाहीत.

अठरा वर्षांखालील व्यक्तीस वजन घटवणारी अथवा स्नायू वाढवणारी पूरक उत्पादने विकली जाणार नाहीत. ग्राहकाने वयाचा पुरावा दाखवावा. आदेशावरून.

आधार कार्डावर प्रत्येकाचा चेहरा जरासा सुजलेला का दिसतो?

थंड बोटं.

हे थंड बोटांचं शेवटी सांगितलं खरं, पण नीताच्या लेखी सगळं तिथूनच सुरू झालं. मे महिन्यातली अकराची वेळ, बाहेर रिक्षाच्या सीटवर टेकवत नव्हतं, तिच्या प्रोटीन-पावडरींच्या दुकानातला पंखा गरम हवाच इकडची तिकडे करत होता, आणि रेवा आत आली. रेवा म्हणजे सुनंदाची मुलगी, समोरची, नीता राहते त्याच इमारतीतली. बारावीचं वर्ष, शिवाय विमानात नि विमानतळावर नोकऱ्या लावून देणाऱ्या कुठल्याशा क्लासला जाणारी. 'काकू, आईचा तो हिरवा डबा,' ती म्हणाली. नीतानं हात पुढे केला. 'आधार.' रेवा हसली. 'काकू, खरंच?' 'अगं, नवीन नियम आलाय. ती पाटी काय शोभेला लावलीय? काल जिमवाल्या दीपेशकडूनसुद्धा मागितलं मी, त्याचं टक्कल पडायला आलंय तरी.' 'पण तुम्ही मला बालवाडीपासून ओळखता.' 'म्हणूनच म्हटलं. मला माहितीय तू अठराची नाहीस.' तरीही पोरीनं पर्समधून कार्ड काढून ठेवलं, उगाच गंमत म्हणून, आणि नीतानंही ते उचलून डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. वाढदिवस दिवाळीनंतर. 'आईला पाठव. तिचा डबा तिनं न्यावा.' 'तिचा?' रेवाचा चेहरा खरोखरच कोरा झाला. 'काकू, आई कुठं खाते? तिला लगेच ॲसिडिटी होते. मीच घेते ना. पहिल्यापासून.' घरात दूध कोण पितं नि दही कोण खातं हे सांगावं इतक्या सहज ती म्हणाली. नीतानं कार्ड परत दिलं. तेव्हा बोटांना बोटं लागली. माठातून काढल्यासारखी गार.

रेवा गेली. जाताना दाराशी क्षणभर थांबली, चौकटीला हात लावला, जणू चप्पल नीट करायला, आणि मग उन्हात गेली. चप्पल तर नीटच होती. नीता काउंटरमागं उभी राहिली. मागच्या फळीवर वजन घटवायच्या पावडरीचे हिरवे डबे ओळीनं मांडलेले होते. नव्या आदेशाप्रमाणं ते गिऱ्हाइकाच्या हाताला लागतील असे ठेवायचे नव्हते, म्हणून गेल्या आठवड्यात तिनंच ते पुढून मागं आणले होते, फडक्यानं पुसून. सुनंदा गणपतीपासून हे डबे नेत होती. दर वेळी स्वतःच्या पोटावर हात मारून म्हणायची, 'हे काय कमी होत नाही गं.' आणि नीता म्हणायची, 'होईल हो, बँकेत बसून बसून झालंय ते.' दोघी हसायच्या. म्हणजे तो हात पोटावर पडायचा, आणि डबा जायचा दुसऱ्याच पोटात. नीताला राग आला नाही. राग येण्याच्या आधीचं काहीतरी आलं. तोंडात एक चव आली, खडूसारखी, मागून किंचित कडू, आणि ती चव तिनं कितीतरी वर्षांत घेतली नव्हती, तरी जिभेनं एका क्षणात ओळखली, जसा कुत्रा जुन्या धन्याला ओळखतो.

गोदूबाई म्हणजे तिची आत्या. नवऱ्याच्या मागं भावाकडं येऊन राहिलेली, आणि भावाच्या घरातल्या पोरींची लग्नं हेच आपलं उरलेलं काम आहे असं मानणारी. कोनच्या त्यांच्या घरापुढून तेव्हा एक्स्प्रेसवेचं काम चाललं होतं, दिवसभर डंपर, भांड्याकुंड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर लाल धूळ. नीता एकोणिसाची होती आणि काटकुळी होती. दोन ठिकाणची माणसं बघून गेली, पोहे खाऊन गेली, आणि निरोप आला की मुलगी जरा अशक्त वाटते. अशक्त कसली, दोन हंडे एकावर एक घेऊन ती चढ चढायची. पण अंगावर दिसायला पाहिजे ना. गोदूबाई म्हणाली, 'अंगाव मांस नाय त कोन बघल तुला? बगळी हायस नुसती.' आणि एका बाजाराच्या दिवशी ती नीताला पनवेलला घेऊन गेली. मिरचीच्या गल्लीच्या तोंडाशी एक वैदू बसायचा, पुढ्यात मुळ्या, शिंगं, बाटलीत काहीबाही. गोदूबाईनं त्याच्या कानाशी लागून सांगितलं. त्यानं नीताकडं पाहिलं नाही सुद्धा. कागदाच्या चौकोनांत पांढरी भुकटी घालून तो पुड्या बांधत गेला. सकाळी एक, रात्री एक, दुधातून. नीतानं विचारलं, 'यात काय हाय?' तर गोदूबाईनंच तिच्या पाठीत चापट मारली. 'आपल्याला काय कलतंय त्यातलं? देनाऱ्याला कलतंय.' परत येताना स्टँडवर तिनं नीताला त्या दिव्यांच्या मशीनवर उभं केलं. तिकीट पडलं. गोदूबाईला वाचता येत नव्हतं. तिनं ते उलटसुलट करून बघितलं आणि भविष्याची बाजू वर करून चोळीत ठेवलं.

आणि भूक. नीताला आजही ती भूक आठवली की स्वतःचीच भीती वाटते. चुलीपुढून उठावंसं वाटायचं नाही. भाताचं भांडं खरवडून झालं की ती भावाच्या ताटाकडं बघायची. झोप अशी यायची की दुपारी डंपर दाराशी येऊन उलटा झाला तरी कळू नये. महिन्या-दीड महिन्यात तोंड गोल झालं. गाल वर आले, डोळे आत गेले, हनुवटीखाली एक नवी घडी आली; आरशात बघताना तिला वाटायचं, ही जी कोण आहे ती फार सुखात वाढलेली दिसते. शेजारणी गालाला हात लावून दृष्ट काढत बोटं मोडायच्या. गोदूबाई भाकरी थापता थापता म्हणायची, 'बघ, फुगली का नाय?' पायऱ्या चढताना धाप लागायची, हात-पाय मात्र तसेच काटक्या, सगळं मांस आपलं तोंडावर नि पोटावर. पण दाखवायला काय, तोंडच तर लागतं. नवीन पनवेलहून दत्ताची, म्हणजे पुढं तिचा नवरा झाला त्याची, माणसं आली, पोहे खाल्ले, फोटो नेला आणि हो म्हणाली.

दुपारी वरच्या जिमचा दीपेश खाली उतरला. तिच्या दुकानात येऊन प्रोटीनच्या मोठ्या डब्यावर कोपर टेकून उभं राहायची त्याची जुनी सवय. 'नीताभाभी, ऐकलं ते खरं का? सुनंदाताईंच्या पोरीला परत पाठवलंत?' सेक्टरात बातम्यांना पाय लागत नाहीत. 'आधार बघितलं, परत पाठवलं,' ती म्हणाली. 'एकदम करेक्ट. कायदा म्हणजे कायदा. माझ्याकडं पोरं येतात, मिसरूड फुटायच्या आधी बायसेप पाहिजे. त्यांना पण मी आता सांगतो, जा रे, आधी मोठे व्हा, मग मोठे व्हा.' स्वतःच्या विनोदावर तो खूश झाला. मग आवाज उतरवून म्हणाला, 'पण भाभी, संध्याकाळी आई येणार. आईला द्यायचं. आई अठराच्या वर आहे ना?' 'आई खात नाही ते.' 'ते आपण कशाला बघायचं? कायदा म्हणतो, पोरांना विकू नका. पोरांनी खाऊ नका असं कुठं म्हणतो? आईनं घेतलं, आईनं दिलं, मॅटर खतम.' नीतानं मागचा एक हिरवा डबा काढून त्याच्यापुढं ठेवला. 'काय असतं रे यात?' 'लिहिलंय की मागं.' 'मी वाचलंय. तुला काय कळतं त्यातलं?' दीपेशनं डबा फिरवला, बारीक अक्षरांवर डोळे बारीक केले, परत ठेवला. 'मला कळायचं कशाला? ज्याला कळतं त्यानं छापलंय.'

तो गेल्यावरही ते वाक्य काउंटरवर पडून राहिलं. नीतानं ते उचललं, फिरवलं. आवाज बदलला होता, वाक्य तेच होतं. सरकारनं आदेश काढला तेव्हा दुकानदारांच्या ग्रुपवर चेष्टाच चेष्टा झाली होती. आता दारूच्या दुकानासारखी जाळी लावा. चहालापण आधार मागा. तिनंही हसणाऱ्या तोंडाचं चित्र टाकलं होतं. मग आदेशाचा कागद आला, तो तिनं वाचला, पाटी छापली, आणि वाटलं, झालं, आपलं काम झालं. कागदानं एक रेघ मारली, रेघेच्या अलीकडं आपण. आता ती पाटीकडं बघत बसली होती आणि अक्षरं नीट जागेवर राहत नव्हती. अठरा वर्षांखालील, खा गं बाय, व्यक्तीस, तोंडाव तेज येल, वजन घटवणारी, माणसं येनार हायत रविवारी, अथवा, रडतंस कशाला, स्नायू वाढवणारी पूरक उत्पादने, एक घोट, नाक दाबून, विकली जाणार नाहीत, गेलं का पोटात, वयाचा पुरावा, आता पदर नीट घे, दाखवावा. दाखवावा. आदेशात ती एकोणिसाची नीता बसतच नव्हती. तिच्याकडं वयाचा पुरावा होता. तिला कुणीही काहीही विकू शकलं असतं.

जेवायला ती घरी गेली. दत्ता घरीच होता. बंदरातल्या गोदामात त्याची पाळी त्या आठवड्यात रात्रीची होती. भाकरीबरोबर सुक्या जवळ्याची चटणी होती, त्याच्या आवडीची, म्हणून तो खुशीत होता. तिनं रेवाचं सांगितलं. तो चावता चावता ऐकत राहिला. 'मग आता सुनंदाताई आल्या की काय करणार?' 'नाही देणार.' 'वेडी का तू? सोसायटीच्या मीटिंगला दुकानाच्या बोर्डावरून सगळे अंगावर आले होते, तेव्हा कोण उभं राहिलं? ती एकटी बाई. कोनची म्हणून तुला कुणी जवळ करत नव्हतं, हळदीकुंकवाला पहिल्यांदा कुणी बोलावलं?' हे सगळं खरं होतं. सुनंदानं तिला या इमारतीत माणसांत आणलं होतं, तिच्या 'नाय'चं 'नाही' होईपर्यंत न हसता ऐकून घेतलं होतं. 'आणि तिची पोरगी, तिनं काय द्यायचं ते द्यावं,' दत्ता म्हणाला, 'तू काय तिची डॉक्टर का पोलीस?' मग वातावरण हलकं करायला त्यानं नेहमीचं काढलं. 'बारीक व्हायला काय औषध लागतं? आमच्याकडं बघ. दाखवली एक नि दिली एक. लग्नानंतर आपोआप निम्मी.'

हा विनोद त्यांच्या लग्नाइतकाच जुना होता. मूळ वाक्य सासूचं. तेव्हा तो विनोद नव्हता. लग्न झालं, पुड्या थांबल्या, कारण सासरी पुड्या कशा न्यायच्या. आणि थोड्याच दिवसांत नीताच्या अंगातला जीव कुणी नळ सोडून ओतून द्यावा तसा गेला. सकाळी उठून उभं राहता येईना. उलट्या. मोरीत धुणं धुताना डोळ्यांपुढं काळं आलं आणि ती तशीच ओल्या कपड्यांवर आडवी झाली. गाल उतरले, हनुवटीखालची घडी लोंबत राहिली नि मग तीही गेली, आणि कोनची ती बगळी परत बाहेर आली, आधीपेक्षा वाळलेली. सासू दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, दाखवली एक नि दिली एक. पनवेलच्या डॉक्टरांनी विचारलं, 'काही घेत होतीस का?' सासू शेजारी उभी होती. नीता नाही म्हणाली. डॉक्टरांनी सलाइन लावलं, आणि दुसऱ्या दिवशी सासू पाणी आणायला गेलेली बघून पुन्हा विचारलं, तेव्हा तिनं बोटांनी हवेत एक चौकोन करून दाखवला, पुडी एवढा. त्यांनी कपाळाला हात लावला. 'अशा पुड्यांत काय घालतात ते घालणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एकदम बंद केलीस, वाचलीस हे नशीब.' ही गोष्ट त्या खोलीच्या बाहेर कधी आली नाही. बाहेर राहिला फक्त विनोद. पुतण्याच्या लग्नात, सहलीच्या बसमध्ये, पोराच्या, अथर्वच्या, कॉलेजच्या मित्रांपुढं. लोक हसायचे, नीताही हसायची. हसताना ती पदर तोंडाला लावायची, आणि दत्ताला वाटायचं लाजली.

'पुडी होती ती,' नीता म्हणाली. 'कसली पुडी?' 'मला दाखवायच्या आधी खायला घातलेली. बाजारातल्या वैदूची. त्यानं तोंड सुजलं होतं माझं. तुम्ही लोकांनी सूज पसंत केली होती.' दत्ताचा हात चटणीवर थांबला. पंखा फिरत राहिला. खाली कुणीतरी भंगारवाल्याशी घासाघीस करत होतं, ते सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. 'आणि मग ते मोरीतलं...' तो म्हणाला. 'हो.' 'कधी बोलली नाहीस.' 'आता बोलले. हा विनोद परत करायचा नाही.' तिनं हे चढ्या आवाजात सांगितलं नाही. दुधाच्या पिशव्या दोन आणा म्हणावं तसं सांगितलं. दत्तानं मान खाली घालून भाकरीचा तुकडा मोडला, तो खाल्ला नाही, ताटाच्या कडेला ठेवला. मग म्हणाला, 'मला काय, जी दिली ती चालली की.' ती उठली, हात धुतले आणि दुकानात परत गेली.

ऊन उतरेपर्यंत तिनं वाक्यं तयार केली. ताई, स्टॉक संपलाय. हे खोटं, आणि उद्या परत येतील. ताई, कंपनीनं माल परत मागवलाय. हेही खोटं. ताई, कायद्यानं मला परवानगी नाही. हे निम्मं खोटं, आणि सुनंदा बँकेतली बाई, नियम तिला जास्त कळतो. कुठलंही वाक्य घेतलं तरी ते दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीमागं जाऊन लपत होतं, कंपनीच्या, सरकारच्या, साठ्याच्या. पाटीचा एक कोपरा सुटला होता तो तिनं दाबून बसवला. मग वाटलं, या पाटीचा उपयोग एवढाच, की हिच्यामुळं आपण आधार मागितलं, आधारामुळं रेवा बोलली, आणि बोटाला बोट लागलं. इथून पुढं पाटी येणार नाही. इथून पुढं चालत जायचं ते आपणच. सगळ्या वाक्यांच्या शेपट्या तोडत तोडत शेवटी तिच्या हातात दोनच शब्द राहिले, ते तिनं एकदा पुटपुटून बघितले.

सुनंदा बँकेतून थेट आली. खांद्याला जेवणाच्या डब्याची पिशवी, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर दिवसभर लोकांच्या अडचणी मिटवलेल्या माणसाचा दमलेला मोठेपणा. 'काय गं, माझ्या लेकीला ओळख पटवायला लावलीस म्हणे? घरी येऊन हसून लोळत होती.' तिनं स्वतःचं आधार काढून काउंटरवर आपटलं. 'घे. त्रेपन्न पूर्ण. आता दे.' 'नाही विकणार,' नीता म्हणाली. 'म्हणजे?' 'म्हणजे हिरवा डबा तुम्हाला विकणार नाही.' सुनंदा हसत होती, हसणं तसंच ठेवून तिनं विचारलं, 'मला कायदा लागू होतो का?' 'नाही.' 'मग कुठल्या नियमानं?' 'नियमानं नाही. रेवा खाते ते.' सुनंदानं पिशवी खाली ठेवली. गिऱ्हाईक म्हणून आलेला एक मुलगा दाराशीच घुटमळला आणि परत फिरला. 'हो, खाते,' सुनंदा म्हणाली. 'मी देते. आई आहे मी तिची. पुढच्या आठवड्यात क्लासवाले निवड करणार आहेत. वीस मुली, सगळ्या काडीसारख्या. हिला सरळ सांगितलं, गालावर कमी करा. विमानतळ दारात आलाय, नीता. माझ्या पोरीनं माझ्यासारखं काचेमागं बसून लोकांची पासबुकं भरायची का? तुला एक मुलगा, तो पुण्यात मजेत. मुलगी उभी करायची म्हणजे काय असतं तुला नाही कळायचं.' 'दाखवायला लागते, ते कळतं,' नीता म्हणाली. 'लग्नासाठी नाही दाखवत आहे मी तिला. नोकरीसाठी. फरक आहे.' 'असेल. अंग तेच असतं.'

'बघ हं,' सुनंदा हळू म्हणाली, 'मी हे ऑनलाइन मागवीन. उद्या दारात येईल.' 'मागवा.' 'खांदेश्वरला चार दुकानं आहेत.' 'हायत. मी नाय इकनार.' जीभ घसरली. इतकी वर्षं घासूनपुसून ठेवलेली भाषा बाजूला सरली आणि खालून जुनं सारवण दिसलं. सुनंदाच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. 'आली वाटतं कोन बाहेर.' हे सुनंदानं याआधी कधीच केलं नव्हतं, सगळ्या इमारतीत एकटीनं केलं नव्हतं, आणि बोलल्या क्षणी तिलाही ते कळलं, कारण तिनं नजर वळवून डब्यांकडं बघितलं. नीताला लागलं. लागलं तिथं ती हात घेऊन गेली नाही. 'आली,' ती म्हणाली. 'ताई, पोरीची बोटं गार पडलीत. दारात हात टेकून उभी राहिली होती. तुम्ही तिच्या हाताला कधी हात लावलात?' सुनंदानं पिशवी उचलली, आधार कार्ड उचललं आणि पायरी उतरली. रस्ता ओलांडताना तिनं दोन्ही बाजूंना बघितलं, सवयीनं, आणि इमारतीत शिरली.

नीतानं फळीवरचे हिरवे डबे उतरवले. सगळे एका खोक्यात भरले, वर चिकटपट्टी मारली आणि एजन्सीच्या माणसाला फोन केला की माल परत न्या, नाही, काही खराब नाही, ठेवायचा नाही, बस. तो काहीतरी स्कीमबद्दल सांगत होता, ते तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि परत तेच सांगितलं. दीपेश जिन्यावरून हे बघत होता. 'भाभी, सगळा सेक्टर तुमच्यावर उलटेल,' तो म्हणाला. 'उलटू दे. तोंड तरी दिसेल.' तिनं शटर ओढलं. गिऱ्हाइकाची खरी वेळ होती ती, जिमची पोरं सुटायची. समोरच्या इमारतीत शिरून ती स्वतःच्या मजल्यावर थांबली नाही.

दार रेवानं उघडलं. 'काकू, आई तुमच्याशी बोलणार नाही म्हणते.' 'तिच्याशी बोलायला नाही आले. हात दे.' रेवानं हात दिला, भाबडेपणानं, आणि नीतानं तो दोन्ही हातांत धरला. मनगटात नाडी पळत होती, पिंजऱ्यात सापडलेल्या चिमणीसारखी. 'असं होतं का नेहमी?' 'थोडं धडधडतं. क्लासचे सर म्हणाले, म्हणजे फॅट जळतंय.' 'पाळी?' रेवानं मागं वळून बघितलं आणि मान हलवली. नाही येत. आतून सुनंदाचा आवाज आला, 'रेवा, दार लाव.' रेवा दोघींच्या मधे अडकली. 'लाव,' नीता म्हणाली. 'आईचं ऐक. मी इथं बसते.' दार लागलं. नीता जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली, चपलांच्या रॅकशेजारी. जिन्यातला दिवा आपोआप विझला, तिनं हात लांबवून बटण दाबलं. परत विझला, परत दाबलं. वरून एक काका कुत्रं घेऊन उतरले, 'काय वहिनी, किल्ली विसरलात?' म्हणाले. 'नाही, बसलेय,' ती म्हणाली. दाराच्या आत हालचाल थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. नीताच्या मनात त्या वेळी गोदूबाई नव्हती, वैदू नव्हता, मोरी नव्हती. फक्त एक गोष्ट होती: कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना नऊपर्यंत उघडा असतो, आणि अजून आठ वाजायचेत.

दार उघडलं. सुनंदा घरातल्या गाऊनवर ओढणी घेऊन उभी होती. डोळे लाल होते, पण आवाज बँकेतला. 'किती वेळ बसणार आहेस?' 'तुम्ही चपला घालेपर्यंत.' 'लोक बघतायत.' 'बघू देत.' 'आणि डॉक्टर म्हणाली, काही नाही झालेलं, तर?' 'तर तुम्ही मला सगळ्या इमारतीपुढं येडी म्हणा. मी ऐकून घेईन.' सुनंदानं दाराच्या चौकटीला हात टेकला, सकाळी रेवानं टेकला होता अगदी तसा, पण दमलेला. 'तपासून डबा बंद झाला आणि ती निवडीत नापास झाली,' ती म्हणाली, 'तर ती मला जन्मभर बोलेल.' 'बोलू दे. बोलायला राहू दे तिला.' सुनंदानं आत वळून हाक मारली, 'रेवा, ओढणी घे. आणि तो डबा घे बरोबर, अर्धा राहिलाय तो. डॉक्टरना दाखवू काय आहे त्यात.' दिवा विझला. अंधारात सुनंदाचा पाय रॅकखाली चाचपडत चप्पल शोधत राहिला, आणि नीतानं बटण दाबायच्या आधी वाकून ती पुढं सरकवली.

रेवा दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्मली होती, जेमतेम दीड किलोची, आणि तिचं वजन वाढेपर्यंत सुनंदा इस्पितळात काचेच्या पेटीशेजारी स्टुलावर बसून होती.